विहिणीचं लुगडं आणि पेपर सहावा

१६ जुलै १९७९, सोमवार

एम.कॉम.चं दुसरं वर्ष सुरू. त्याबरोबर ही डायरीही. यंदा सहावा पेपर नवीन घातला आहे : व्यवसाय-नीती. वर्गातली पोरं घाबरली. मी नाही. नीती हा पाठांतराचा विषय नाही, स्वभावाचा आहे, आणि स्वभाव माझ्याकडे घरचाच आहे. या पेपरात पहिला येणार. उद्यापासून पहाटे पाचला उठणे. चहा बंद. शिवाय बाबांचं दुकान नीतीवर आणायचं.

१७ जुलै

साडेआठला उठलो. शरीराला एकदम धक्का देणं बरं नव्हे. चहा दोनदा.

२ ऑगस्ट

व्यवसाय-नीतीचा तास सकाळी साडेसातला ठेवला आहे. हे कुठल्या नीतीत बसतं?

अनंतशी बोललो. अनंत आमच्या गल्लीतला, बी.ए. नापास, सध्या मोकळा. त्याला कॉलेजच्या पंख्याखाली बसायला आवडतं. 'मुकुंद पराते' पुकारलं की तो 'यस सर' म्हणेल, मी त्याला कॅन्टीनमध्ये पोहे खाऊ घालीन. सरांनी अजून मला पाहिलेलं नाही. म्हणजे फसवणूक कोणाचीच होत नाही. नीट विचार करूनच ठरवलं.

२४ ऑगस्ट

अनंत आज खुशीत. सरांना त्याने प्रश्न विचारला म्हणे, नफा कुठे संपतो आणि लुबाडणूक कुठे सुरू होते? सर म्हणाले, "शाबास पराते, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी विरळा." एखाद्या प्राध्यापकाने माझं कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ. दिवसभर बरं वाटत होतं.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा ताटावरून वर बघून म्हणाले, "म्हंजे सर वळखतेत तर तुले!" आणि आईला म्हणाले, पोट्ट्याले अजून भाकर वाढ. मी खाल्ली.

१६ सप्टेंबर, रविवार

ऊन पडलं म्हणून आईने लाकडी पेटी अंगणात काढली. तिच्यात एक करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी असलेलं, लुगडं आहे, अस्सल टसरचं, रेशीमकाठाचं. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी बाबांनी स्वतःच्या मागावर विणलं. माझ्या लग्नात विहिणीला द्यायचं. आई दर वर्षी कडुलिंबाचा पाला बदलते आणि पुन्हा ठेवून देते. मला 'येऊन पाय तं खरं' म्हणाली. मी पेपर वाचत होतो. लांबूनच छान आहे म्हणालो.

१८ सप्टेंबर

दुकान-सुधारणा सुरू. आमचं दुकान म्हणजे नागपूरच्या इतवारीतल्या घराची पुढची खोली. मागच्या खोलीत माग. बाबा लुगड्याची किंमत चढवून सांगतात, गिऱ्हाईक निम्मी म्हणतं, मग दोघं चहा पितात, मुलाबाळांची चौकशी करतात आणि मधे कुठेतरी येऊन थांबतात. यात सकाळ जाते. शिवाय पहिलं वाक्य दोघांचंही खोटं.

मी पाटी रंगवली : 'एकच भाव'. बाबा जेवायला आत गेल्यावर लावली.

भीमाबाई आल्या. माझ्या जन्माआधीपासूनचं गिऱ्हाईक. मी भाव सांगितला. त्या माझ्या 'तुम्ही किती देता मावशी' ची वाट बघत बसल्या. मी पाटीकडे बोट केलं. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी त्या उठल्या आणि आत बाबांना हाक मारली, "शालिकराम, तब्येत बरी नाही का गा तुही?"

पाटी सध्या पेटीमागे आहे. समाज तयार नाही.

१० ऑक्टोबर

प्रेमलताविषयी लिहायचं राहून गेलं. माझ्या वर्गात आहे. मूळची उमरेडची, वडील तिथे प्राथमिक शाळेत गुरुजी, ती इथे महाल भागात आत्याकडे राहते. व्यवसाय-नीतीच्या तासाला एकदम पुढे बसते आणि सरांचा शब्द न् शब्द उतरवते. तिच्या वह्या मी वापरतो. अनंत आणून देतो.

आज वहीबरोबर निरोप आला : "मुकुंदले सांगजो, एखाद्या रोजी स्वतः येऊन पाय वर्गात." निरोप चार वेळा वदवून घेतला. 'स्वतः' वर जोर होता का, विचारलं. अनंत म्हणाला, होता.

२२ नोव्हेंबर

आज ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर स्वतःहून थांबली. म्हणाली, रविवारी आमच्या घरचे तुमच्या दुकानात येऊन राहिले, तुझे बाबा असतील न? मी म्हणालो, असतील, आणि मीही असेन. ती हसली.

उमरेडहून घरची माणसं येणार, माझे बाबा घरी हवेत. आणखी कसं सांगायचं असतं मुलीने? आईबाबांना काही बोललो नाही. त्यांना कळू दे आपोआप.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आज तिचे वडील रुपराव गुरुजी एकटेच येऊन गेले. मागाजवळ बसून बाबांशी हळू आवाजात बोलत होते. मी आत गेलो तसे थांबले. अशा वेळी मुलाने समोर राहू नये, हे मला कळतं. बाहेर पडलो. केस कापले. टेरिलिनचा शर्ट इस्त्रीला दिला.

२५ नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहितो. पुढे आत्मचरित्राला लागेल.

दहा वाजता पाहुणे आले. गुरुजी, त्यांची बायको, प्रेमलता, आत्या. मी नमस्कार केला. त्यांच्यामागून आणखी माणसं आली. एक ठसठशीत बाई, त्यांचे यजमान, आणि मिशीवाला एक ओव्हरसीअर. काटोलचे. बाबा म्हणाले, मुकुंदा, गादी सरकव, गुरुजींच्या प्रेमलताचा बस्ता आहे.

बस्ता. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची मंडळी एका गादीवर बसतात, तो. प्रेमलताचा. आणि त्या मिशीचा.

मी गादी सरकवली. चहा दिला. मिशीला साखर जास्त हवी होती.

यानंतर जे केलं ते निव्वळ तत्त्वासाठी, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. विहिणीच्या लुगड्याची पाळी आली. विहीण म्हणजे त्या ठसठशीत बाई, यमुताई. बाबांनी एक करवतकाठी पुढे केलं. यमुताईंनी काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "रेशीमच आहे न हो?" गुरुजी खाली बघत होते. बाबा म्हणाले, "पोत तं पाहा ताई."

काठ नकली होता. मला माहीत होतं. ग्राहकाचा माहितीचा हक्क, प्रेमलताची वही, पान सतरा. आणि प्रेमलता समोर बसली होती. आपण कोणाला सोडून कोणाकडे चाललो, हे तिला एकदा दिसायला हवं होतं.

मी काठाचा एक धागा ओढला, आगपेटी काढली आणि पेटवला. अस्सल रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. हा कागदासारखा भुर्रकन जळाला. म्हणालो, "हे रेशीम नाही. आर्ट सिल्क आहे."

टाळ्यांची अपेक्षा नव्हतीच. पण यमुताई ओरडल्या, "इहिनीच्या लुगड्याले आग लावली बाप्पा या पोट्ट्यानं!" आत्याबाई अपशकुन अपशकुन करू लागल्या. मिशीचे वडील उठून चपला शोधू लागले. म्हणाले, "गुरुजी, आम्हाले नकली माल? चार लोकांत?" गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. प्रेमलता मान खाली घालून बसलेली. भारावली असावी.

आणि मग बाबा हसले. खरंच हसले. म्हणाले, "बसा न भाऊ. हा तं नमुना होय. दहा जनाच्या हातानं मळते म्हनून म्होरं नकलीच ठेवतो. तुमचा माल आतमधी आहे. गुरुजींनी कवाचाच पसंत केला." मला म्हणाले, "आगपेटी ठेव खाली."

घरात गेले. बराच वेळ आले नाहीत. आत पेटीचं झाकण वाजलं, आईचा आवाज आला, मग आला नाही. बाबा बाहेर आले तेव्हा हातात एक करवतकाठी होतं, घडीत सुकलेला पाला. यमुताईंनी स्वतः धागा ओढून जाळला. केसांचा वास आला. त्यांनी लुगडं मांडीवर घेतलं आणि शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. चपला शोधणारे भाऊ बसले. पुन्हा चहा झाला.

आमच्या दुकानात असा माल पडून आहे, याची मला कल्पनाच नव्हती. स्टॉककडे कोणाचं लक्ष नाही.

जाताना गुरुजी बाबांच्या पाया पडायला वाकले. बाबांनी मधेच हात धरला. शिक्षक लोक जरा भावनाप्रधान असतात.

रात्री

बाबांना विचारलं, नमुना कसला? आपण नमुना कधी ठेवतो? सरळ खोटं बोललात. बाबा मागासाठी सुताची कांडी भरत होते. वर न बघता म्हणाले, "गुरुजीले मालूम होतं नकली आहे म्हनून. काल मीच सांगतलं. भावबी नकलीचाच धरला. त्याइची तेवढीच ऐपत. फक्त चार लोकांत बोलाचं नव्हतं."

मी म्हणालो, ग्राहकाला माहीत असणं हे विक्रेत्याचं समर्थन होऊ शकत नाही. बाबा कांडी फिरवत राहिले. आई बोलली. "काहून गा, धागा जळला का तू जळला होता?"

अशा वातावरणात अभ्यास कसा व्हायचा?

३ डिसेंबर

आई बोलत नाही. पेटी उघडून बसते, बंद करते. भाजीत मीठ नाही. सत्याची किंमत.

१२ डिसेंबर

आईबाबा उमरेडला लग्नाला जाऊन आले. मी गेलो नाही. अभ्यास होता. मॅटिनीचं तिकीटही आधीच काढलं होतं.

७ जानेवारी १९८०

सहाव्या पेपरची सत्र परीक्षा. माझ्यासाठीच काढल्यासारखा प्रश्न : 'तुमच्या पाहण्यातील एका नीतिमान व्यावसायिकाचे उदाहरण द्या.' मी नागपुरातल्या एका तरुणाविषयी लिहिलं, ज्याने प्रेम आणि घरचा धंदा यांची पर्वा न करता भर दुकानात सत्याची ज्योत पेटवली. नाव दिलं नाही. विनय. पुरवणी घेतली.

२१ जानेवारी, सोमवार

आज पेपर परत मिळायचे होते. साडेसातच्या तासाला स्वतः गेलो. कौतुक प्रत्यक्ष ऐकावं म्हणून. अनंतला येऊ नको सांगितलं होतं, तरी मधल्या बाकावर बसलेला. म्हणाला, तुझ्या मार्कांची काळजी वाटली. मी मागे बसलो. प्रेमलता पुढे, हातात हिरवा चुडा. लग्नानंतरही तास बुडवत नाही.

सरांनी नावं न सांगता दोन उत्तरं काढली. पहिलं म्हणजे पुरवणीसकट आत्मस्तुती, म्हणाले, आणि बाजूला ठेवलं. अक्षर मागूनही ओळखू आलं.

दुसरं वाचायला लागले. एका विणकर दुकानदाराचं. गरीब शिक्षकाला नकली काठाचं लुगडं नकली म्हणून सांगून विकणारा, पण व्याह्यांसमोर त्याची लाज राखणारा. मला वाटलं, मनची गोष्ट. माझ्यासारखीच कोणीतरी रचलेली. मग सरांनी वाचलं की कोणा आगाऊ मुलाने भर बस्त्यात काठ जाळून दाखवला. तेव्हा त्या माणसाने स्वतःच्या मुलाच्या लग्नासाठी विणून ठेवलेलं लुगडं पेटीतून काढलं, आणि त्याच भावाला दिलं. एका मुलीचं लग्न मोडलं नाही.

घडीतला पाला मला वर्गात बसून दिसला. तोवर नव्हता दिसला. खरंच नव्हता.

सरांनी पेपर मिटला. म्हणाले, "असा माणूस या शहरात असेल तर मला त्याला भेटायचं आहे. ओळखतं का कोणी?"

प्रेमलताने मागे वळून पाहिलं नाही. उत्तर तिचंच होतं. नाव तिच्या ओठावर होतं, पण ते तिने माझ्यासाठी सोडलं होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "सर, ते माझे बाबा आहेत."

"आपण कोण?"

"मुकुंद शालिकराम पराते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मधल्या बाकावर. "पराते तर हे आहेत," म्हणाले.

अख्खा वर्ग फिस्सकन हसला. अनंत हळूहळू उभा राहिला, मग बसला, मग परत उभा राहिला. माझ्या बापाला माझा बाप म्हणायला त्या खोलीत माझ्याजवळ काही नव्हतं. पाच महिने तिथला मुकुंद पराते अनंत होता.

सरांनी मला बाहेर जायला सांगितलं. अनंतला नाही. बहुतेक विसरले. उरलेला तास व्हरांड्यात उभा राहून ऐकला. आवाज नीट येतो तिथे.

संध्याकाळ

घरी आलो. मागाला नवा ताणा लागलेला. टसर. बाबांना विचारलं, कोणाची ऑर्डर? म्हणाले, ऑर्डर नाही, तुह्याच इहिनीचं. येळ लागन, घाई कुठं आहे.

त्यांच्याजवळ बसलो. कांड्या भरू लागलो. पहिलाच धागा तुटला, बाबांनी जोडून दिला. लुगड्याचं मला आज कळलं, हे सांगायचं होतं. आणखी एक कांडी भरली.

मग त्यांनीच विचारलं, कसं काय चाल्लं कॉलेजात? सर वळखतेत न अजून तुले?

म्हणालो, हो बाबा. आता चांगले ओळखतात.

त्यांनी आईला हाक मारली आणि पोट्ट्याले गरम भाकर टाक म्हणाले.