नववीची तपासणी आणि माझं स्टिकर

आदरणीय शलमोनमामांस,

शॅरनचा ख्रिस्तात सलाम. तुमची शुगर, एलिझाबेथमामींचे गुडघे आणि नवी स्कूटर, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा. इकडे पाथर्डीत मी मजेत आहे. मजेत कसली, नुसती हवेत आहे! नववीची पोरं मोबाईलवर एकमेकांना किती छळतात हे मोजायचं काम मुख्याध्यापक सूर्यभान सरांनी माझ्यावर सोपवलं. (बाकीच्या शिक्षकांना नेमकी त्याच दिवशी कणकण आली.) प्रश्न मीच काढले: कुणी घाण टोपणनाव ठेवलं का, ग्रुपमधून मुद्दाम काढलं का, न विचारता फोटोचं स्टिकर केलं का. नाव लिहायचं नाही, म्हणजे पोरं मोकळी होतील. तर अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर, 'नाही'! सर इतके खूश की पेढे आणायला निघाले. मला काही पटेना. वर्गातली सृष्टी हल्ली डबासुद्धा एकटी खाते, ते काय उगाच?

मी वर्गात जाऊन म्हटलं, बाळांनो, खरं सांगायला घाबरता कशाला? तर सृष्टीच उभी राहिली. "मॅडम, तुमचं स्टिकर ज्यानं केलं, त्याला तुमी काय केलं?"

अहो मामा, माझं स्टिकर! नाताळच्या उपासनेत तोंड वासून झोपलेली मी, आणि खाली 'आमेन'! तुम्ही हौसेनं केलंत, घरच्या ग्रुपवर टाकलंत, तुमच्या मार्कनं इथल्या एका मित्राला धाडलं आणि आता सगळ्या नववीकडे आहे. वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले, पण खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. सृष्टी तेवढी हसली नाही. म्हणाली, "तुमीच गप बसल्या, मग आमी सांगून काय हुनार?"

मामा, मोजायला मी निघाले आणि मोजली गेले मीच! पण आता मी गप्प बसणार नाही. मामींना सलाम, मार्कला एक धपाटा.

तुमची भाची,
शॅरन

ता. क. शनिवारी शाळेत पालकसभा आहे. तुम्ही यायचं आणि माईकवर सांगायचं, "स्टिकर मी केलं, माझं चुकलं." सृष्टीला मी शब्द देऊन बसलेय. ती म्हणाली, तुमचे मामा बोलले तर मीपन बोलते.

ता. क. पुन्हा: जेवायला मटण करते.

ता. क. शेवटचा: कवळी काढून रस्सा भुरकतानाचा तुमचा फोटो माझ्याकडे आहे. स्टिकर कसं करतात ते नववीनं मला कालच शिकवलं.