हात आधी पोटाशी

सुधाकरच्या माये,

तू गेल्यापासून तुला कधी लिहिलं नाही. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, आणि पत्र पोचणार तरी कुठे? पण उद्या सुधाकर सुट्टी संपवून पुण्याला जातो आहे. त्याची पोरगी आता मला सांभाळायची आहे. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

सूनबाई शोभा दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली, माहेरी न्यायलाही सवड मिळाली नाही. पोरगी ओंजळीत मावते. मालेगावचे डॉक्टर म्हणाले, गार पडू देऊ नका, अंग तापलं तर लगेच आणा. थर्मामीटर तिच्या एवढ्याशा बगलेत टिकत नाही. म्हणजे सगळी भिस्त हातावर. शोभा रात्र रात्र जागते. दिवसा तिने घटकाभर पडावं, तर जवळ मीच.

आणि परवा माझ्या हाताने काय केलं! बाळाला शिवायचं म्हणून रांजणाच्या पाण्याने हात धुतले आणि तिच्या कपाळाला लावले. निखाराच लागला. मी बैलगाडी जुंपली. थंडीच्या वाऱ्यात मालेगाव गाठलं, तर डॉक्टर म्हणाले, ताप नाही, उलट वाटेत गारठली आहे. तेव्हापासून शोभा म्हणते, "मामाजी, तुमी फक्त पाहा. हात नोका लावू."

काल सुधाकरने पुण्याच्या प्रयोगशाळेतलं त्याचं काम समजावलं. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारेचं टोक धरून ते बारीकशा कणाची गरमी मोजतात.

"टोक थंड असलं ना बाबा, तर कणाची ऊब तेच पिऊन टाकते. म्हणून टोक आधी गरम करतो आमी. लावल्यावर त्याची गरमी घटली नाही, वाढली नाही, तवा समजा दोघं सारखे."

"मंग मले हे आधी काहून नाही सांगितलं?"

"माय तर असंच करे. तुमी पाह्यलं नाही?"

पाहिलं होतं गं. सुधाकर आजारी पडला की तू हात लुगड्याआड पोटाशी धरून बसायचीस. मी चिडायचो, "पोरगं तापलं, अन् तू हात शेकून राह्यली?" तू म्हणायचीस, "थांबा जरासे. थंड्या हाताले सारंच तापलेलं लागते." मग ओरडून का नाही सांगितलंस? मला एकदा सांगून कळत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?

आज सकाळी हात शेगडीवर चांगला शेकला. पोरगी बर्फासारखी लागली.

"शेगडीवर नाही बाबा, पोटावर," सुधाकर म्हणाला.

शोभा हसली. "मामाजीचा हात एक तं रांजण, नाही तं चूल."

दुपारी मात्र तिनेच बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी हात सदऱ्याआत पोटाशी धरला, बराच वेळ. मग तिच्या पोटावर ठेवला. काहीच कळेना, ना गरम ना गार. मग ध्यानात आलं, हेच तर हवं होतं.

पण उद्या सुधाकर नसेल. दुष्काळी कामावर आपण दोघांनी खडी फोडली, तेव्हापासून जाड झालेलं हे कातडं. याला कळेल ना? लिहितानाही सारखा उठून तिला बघून येतो आहे.

तुला शब्द देतो. कितीही घाबरलो तरी आधी गाडी जुंपणार नाही. आधी हात पोटाशी धरीन, तू धरायचीस तेवढा वेळ. त्यानंतरही ती तापलेली लागली, तर मात्र थांबणार नाही.

आता पुरे करतो. शोभाचा डोळा लागला आहे आणि लिहून लिहून माझी बोटं गार पडली आहेत.

सुधाकरचा बाप
किन्हीराजा