नातीसाठी काढलेलं तेल

आये, तुझ्या नातीला मुलगी झाली. तू पणजी झालीस आणि मी आजी. दोघी सुखरूप आहेत, पण त्या अमेरिकेत आहेत आणि मी इथं मालवणला, घराच्या मागच्या पडवीत बसून तुला लिहिते आहे. तिकडे जायचं तर व्हिसा लागतो, आणि तो मिळायला मुंबईला जाऊन साहेबापुढे उभं राहावं लागतं. मीही उभी राहिले होते. मला तो मिळाला नाही. का मिळाला नाही हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि जिवंत माणसाला सांगायची लाज वाटते, म्हणून तुला सांगते.

तुला मसुऱ्याच्या घरातलं तुझं स्वयंपाकघर आठवतं का? मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी तिथं येऊन राहिले होते. सकाळ झाली की मागच्या दारी ओकाऱ्या सुरू. तू चुलीवर पेज ठेवलेली असायचीस. एक दिवस शेजारची काकी विरजण मागायला येते आणि माझ्याकडे बघत तुला विचारते, "चेडवाक दिवस गेलेहत काय गो?" तू मागे वळूनसुद्धा न बघता म्हणतेस, "नाय गो. पित्त झालाहा तिका." मी तिथंच उंबऱ्यावर बसलेली, तोंड पुसत. काकी गेल्यावर मी हसले, तर तू मला डाव उगारून दटावलंस. "हसतं काय? सात महिने भरापर्यंत कोणी कितीय इचारल्यान तरी नाय म्हणान सांगायचा. नजर काय सांगान येता?" आणि त्याच हातानं मीठ घातलेली पेज माझ्यापुढे सरकवलीस.

तुझ्याकडून मी पुष्कळ गोष्टी शिकले नाही. मासे निवडून घेणं शिकले नाही, गप्प बसणं तर मुळीच नाही. नेमकं हे तेवढं पक्कं शिकले.

लेकीनं फोनवर पढवलं होतं, आई, जे आहे ते सांग, माझं बाळंतपण करायला येतेय म्हण, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी हो हो म्हटलं. तिला तेव्हा पाचवा लागला होता. मी इतकी निर्धास्त, की मुंबईला जायच्या आधीच नारळ खवून, त्याचं दूध आटवून, बाळाच्या अंगाला लावायचं तेल काढून बाटलीत भरून ठेवलं. काजूची बाग टाकून इतके महिने जाता येणार नव्हतं, म्हणून ह्यांनी अर्ज केला नव्हता. ते मुंबईपर्यंत नुसते सोबतीला आले आणि व्हिसाच्या ऑफिसाबाहेर थांबले.

आत रांगेत माझ्या मागे शिरोड्याची एक बाई होती. माझं बोलणं ऐकून तिनं ओळखलं, ही आपल्याकडची. मग काय, गाव कुठलं, माहेर कुठलं, मुलं किती. शेवटी विचारलंन, लेकीकडे काही विशेष? मी म्हटलं, काही नाही, सहजच चाललेय. ती जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिची नजर काही बरी नाही. मी पदर सावरून थोडी पुढे सरकले, जणू पोर माझ्याच पोटात होतं.

खिडकीपाशी साहेब अगदी तरुण, बुकातली मराठी बोलणारा. कुणाकडे जाता, जावई काय करतात, सगळं विचारून झाल्यावर त्यानं विचारलं, "तुमची मुलगी गरोदर आहे का?" आये, ती बाई माझ्या मागे हातभर अंतरावर उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "नाही."

मग इतके महिने कशासाठी, असं त्यानं विचारलं. फिरायला, मी म्हटलं. काय काय बघणार? आता मला तिथलं ठाऊक काय, तर लेकीनं फोनवर दाखवलेली तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि बाहेर पडलेला बर्फ. मी म्हटलं, बर्फ बघणार. मी जाणार होते त्या दिवसांत तिथं बर्फ नसतो, हे जावयानं मागाहून सांगितलं. साहेबानं पासपोर्ट परत केला. रागावलासुद्धा नाही.

मी कागद गोळा करत बाजूला उभी होते, तोवर ती बाई खिडकीशी गेली. तिलाही कशासाठी जाता म्हणून विचारलं. ऑफिसात सगळे मराठी नीट बोलायला बघतात, तिनं आपली मालवणीच लावली. "आमच्या चेडवाचा बाळंतपण आसा. मी नाय गेलंय तर तिचा कोण करतला?" सगळ्या रांगेनं ऐकलं. साहेब हसला आणि व्हिसाचा शिक्का मारायला तिचा पासपोर्ट ठेवून घेतला.

बाहेर आल्यावर तिनं मला गाठलंच. माझं काम झालं नाही हे कळल्यावर तिचा चेहरा खरोखर उतरला. म्हणाली, "तुमच्या चेडवाक काय देवचा आसला तर माझ्याकडे दिया. थंयसून मी पोस्टान धाडीन." हे माझ्याकडे बघायला लागले. तेलाची बाटली त्यांच्या डोळ्यांपुढे आलीच असणार. मी त्यांच्या हाताला चिमटा काढला आणि म्हटलं, नको, तसं काही नाही. एकदा नाही म्हटल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगणार, की बाळाचं तेल आहे म्हणून? जिची नजर वाईट म्हणून मी अंग चोरलं, ती माझ्या नातीचं तेल वाहून न्यायला तयार होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुला दोष देत नाही, आये. तू खोटं बोलायचीस, पण मी तुझ्या पाठीशी बसलेली असायचे, आणि माझं सगळं तूच केलंस. माझ्या नाहीनं माझ्या पोरीच्या वाट्याला काय आलं? सातव्या दिवशी उठून ती स्वतःच भात लावत होती. जावई चांगला आहे, पण त्याला बाळाची टाळू कशी भरायची ते काय ठाऊक. मी फोनवर सांगायची, आणि मध्येच आवाज तुटायचा.

काल तिनं बाळाला न्हाऊ घालताना मला फोनवर दाखवलं. दुकानातलं कसलंसं पाण्यासारखं तेल होतं. हात चालवता चालवता तिनं विचारलं, "आई, तू सांगितलं होतंस ना त्यांना, बाळ होणार आहे म्हणून? मग का गं नाही म्हणाले?" मी म्हटलं, सांगितलं होतं गं, त्यांच्या मनात आलं नाही. ती म्हणाली, जाऊ दे, तू वाईट वाटून घेऊ नकोस. ती माझी समजूत काढत होती, आये, ओली बाळंतीण.

पुन्हा अर्ज करता येतो म्हणतात. पण त्याआधी तिला खरं सांगावं लागेल, आणि फोन हातात घेतला की मी बाळाचंच विचारत बसते. तुला सांगणं सोपं, तू विचारणार नाहीस. ही पानं तांदळाच्या डब्याखाली सरकवून ठेवीन.

आणि एक. ती बाटली फडताळात तशीच होती. पावसाच्या गारठ्यानं तेल थिजलं होतं. आज सकाळी उघडीप मिळाली तशी उन्हात ठेवून पातळ केलं आणि माझ्याच गुडघ्यांना चोळलं. हातांना अजून वास येतोय.