शेवेचा डबा

चिखली, २ डिसेंबर २०२४

चि. बेबीस,

जयभीम व आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल बरंच वाढलं आहे. डॉक्टरांनी गोळी दिली आणि तळलेलं बंद करायला सांगितलं, नाहीतर हृदयाला धोका आहे म्हणाले.

अडचण शेजारच्या बिलकिसभाभींच्या डब्याची आहे. तुझी वहिनी रेणुका गेल्यापासून जेवण त्याच पाठवतात. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रेणुकाची शिस्त. मला स्वयंपाक येत नाही, म्हणून चौकातली शेव भरून देतो. तेव्हापासून त्यांच्याकडून पुऱ्या, भजी, शेवच येते. एवढं करणाऱ्या माणसांना नको कसं म्हणू?

आहे तो लोभ राहू दे.

तुझा दादा,
किसन

मलकापूर, ९ डिसेंबर २०२४

ती. दादास,

सादर जयभीम. पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. अरे, तू शेव देतोस म्हणून त्यांना वाटत असन, याले तळलेलंच आवडते. तुझ्या वाटचं वहिनी बोलायची, आता तुलेच तोंड उघडावं लागन. वहिनीनं लावलेल्या झाडाचे पेरू काय पोपटांसाठी ठेवले? डबा पेरूनं भर. गोळी चुकवू नको. वहिनी गेली, मले भाऊ तरी राहू दे.

रागावलास तरी माया ठेव.

तुझी,
बेबी

चिखली, २३ फेब्रुवारी २०२५

चि. बेबीस,

जयभीम. रेणुका गेल्यापासून मी त्या झाडाखाली गेलो नव्हतो. तुझ्या पत्रानंतर गेलो, पेरू तोडून डब्यात भरले. बिलकिसभाभींनी विचारलं, दुकानातली शेव संपली काय. मग सगळं सांगितलं. त्या हसतच सुटल्या. त्यांच्याकडे शेव कोणी खात नाही, माझ्याच शेवेच्या बरण्या भरून पडल्या आहेत. भाईसाब दुःखात शेवेवरच दिवस काढून राह्यले, असं वाटून त्या बिचाऱ्या घरी ताजं तळून द्यायच्या. मग काऊन बोलले नाही म्हणून रागावल्या. पेरू कुठले विचारलं, तर रेणुकाचे, म्हणालो. बऱ्याच दिवसांनी तिचं नाव सहज घेतलं.

आता डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी असते. सकाळी फिरायला जातो. नवा रिपोर्ट चांगला आला, गोळी मात्र चालूच ठेवायची आहे. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात असू शकतं, भावंडांनीही तपासून घ्यावं.

एसटीने शेवटच्या पेरूंचा डबा पाठवतो आहे. वहिनीची शिस्त तुलाही माहीत आहे. परत पाठवताना त्यात तुझा रिपोर्ट ठेव. मलाही एकच बहीण आहे.

तुझ्या मायेतला,
दादा