प्लॅस्टिकचे ओठ

३ जानेवारी, रविवार. दुपार.
नवीन वर्ष. संकल्प तीन. कॉफीत साखर बंद. गुडघ्याचे व्यायाम. आणि मॅगझिनचा वाद या हिवाळ्यात कायमचा मिटवणे.

वाद असा. राइफलला गोळ्या पुरवणारी जी डबी खालून बसवतात, ते मॅगझिन. त्याच्या तोंडाच्या दोन कडांना ओठ म्हणतात. वरची गोळी या ओठांनी दाबून धरलेली असते. माझा मेहुणा डेल्बर्ट म्हणतो, ओठांना आतून पोलाद हवं. मी म्हणतो, निव्वळ प्लॅस्टिक पुरतं. पोलाद एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. प्लॅस्टिक दबतं आणि परत जागेवर येतं. माणसानेही असंच असावं.

डेल्बर्ट सैन्यात होता. मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर आयुष्य काढलं. भाग का तुटतो हे वापरणाऱ्याला कळत नाही. तो भाग परत घेऊन माणूस ज्याच्याकडे भांडायला येतो, त्याला कळतं.

नाताळला मुलीला, सोल्वेगला, सहा मॅगझिनं दिली. ती शेरीफकडे डेप्युटी आहे, म्हणजे काउंटीची पोलीस. राइफल काउंटी देते, मॅगझिनं ज्याची त्याने आणायची. डेल्बर्टनेही तिला दिली. पोलादवाली. मुद्दाम. माझी भेट उघडून ती म्हणाली, वाईट नाहीत, बाबा. आमच्याकडे याच्यावर स्तुती नाही. लग्नाच्या दिवशी मार्लिसला बघून मीही एवढंच म्हणालो होतो.

मग तिने विचारलं, थंडीत टिकतील ना? मी शब्द दिला. त्याच कंपनीची, त्याच खोक्यातली माझ्याकडे उरलेली मॅगझिनं मी स्वतः तपासून सांगेन.

१० जानेवारी, रविवार.
पद्धत ठरली. मॅगझिनात खोट्या गोळ्या भरायच्या, फ्रीझरमध्ये ठेवायचं, चर्चहून आलो की बाहेर काढून खांद्याच्या उंचीवरून गॅरेजच्या फरशीवर ओठांच्या बाजूने टाकायचं. सगळे असंच करतात.

फ्रीझरमध्ये हरणाचं मांस आणि मार्लिसच्या बटाट्याच्या पोळ्या असतात. तिने विचारलं, हेही जेवणात वाढायचं का? 

पहिलं टाकलं. पास. साखर फक्त रविवारी घ्यावी असं वाटतं.

१७ जानेवारी, रविवार.
एक ओठ तुटला. गोळ्या फरशीवर सांडल्या. कारण सापडलं: त्या जागी फरशीला उंचवटा आहे. निकाल धरला नाही. तुकडा कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकला.

सोल्वेगचा फोन. चाचणी कशी चाललीय? मी म्हटलं, वाईट नाही. खोटं बोललो नाही. चाचणी चांगलीच चालली आहे.

२० जानेवारी, बुधवार.
डेल्बर्ट आला. त्याने त्याचं पोलादवालं टाकलं. काही झालं नाही. मग त्यावरून पिकअप नेला. ओरखडा आला. मी म्हटलं, पोलाद गंजतं. तो म्हणाला, गंजेल, तोवर आपण दोघंही गंजलेलो असू.

जाताना त्याने कॉफीचा डबा उघडून आत पाहिलं. झाकण लावलं. काही बोलला नाही. त्याच्यातली ही एक गोष्ट मला आवडते.

३१ जानेवारी, रविवार.
आणखी तुटली. फ्रीझरची थंडी कृत्रिम असते. तिने प्लॅस्टिकला अकारण त्रास होतो. म्हणून नैसर्गिक थंडीसाठी दोन मॅगझिनं मागच्या पायरीवर ठेवली. बाहेर उणे पंचवीस होतं. तीही तुटली. पण तेव्हा डेल्बर्ट खिडकीतून बघत होता. कोणी बघत असलं की माझा हात नीट सुटत नाही.

सोल्वेगला सांगायला हवं. मात्र अर्धवट निष्कर्ष सांगणं बेजबाबदारपणाचं. माणसं घाबरतात. आधी चाचणी पूर्ण करतो.

गुडघ्याचे व्यायाम वसंतात सुरू करावेत. गुडघाही थंडीत ठिसूळ होतो.

३ फेब्रुवारी, बुधवार.
पेट्रोल पंपावर एमेट सोबोत्का भेटला. नवीन डेप्युटी. नेब्रास्काचा. चाळिशी ओलांडलेला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत एकटाच राहतो. फार बोलतो. मनात येईल ते तोंडावर. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, तुमची मॅगझिनं भारी आहेत हो. सोल्वेग सांगत होती, बाबांनी स्वतः तपासलीत.

मी म्हटलं, त्यात काय.

पोरगी माझ्या कामाचा प्रसार करते आहे. सहांतली दोनेक त्याला दिलेली दिसतात. स्वभाव आईवर गेलाय, सढळ हाताचा. दिवसभर बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, बुधवार.
ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला बुधवार. चर्चच्या तळघरात सूप. सोल्वेग शेजारी बसली. आज सांगायचं ठरवून गेलो होतो.

सोबोत्काने वड्यांचं ताट पहिल्यांदा समोर येताच दोन उचलल्या. एकदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा पोट भरलंय म्हणायचं, तिसऱ्यांदा अर्धी घ्यायची, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. वर म्हणाला, सूपला मीठ नाही. खरंच नव्हतं. तरी बायका त्याच्याकडे बघत राहिल्या.

सोल्वेग म्हणाली, बाबा, त्या मॅगझिनांचं एक बोलायचं होतं. मी म्हटलं, मलाही. ती थांबली. मी थांबलो. मग ती म्हणाली, काही नाही, चांगली आहेत. मी म्हटलं, चाचणीही चांगली चाललीय. नंतर आम्ही वाऱ्याबद्दल बोललो.

एकंदरीत संध्याकाळ छान गेली.

१४ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
मोठा दिवस. वाद मिटला.

डेल्बर्टने विचारलं, तू ही कशाने पुसतोस? मी म्हटलं, ब्रेक साफ करायच्या स्प्रेने. आयुष्यभर सगळं त्यानेच पुसलंय. त्याने डबा उचलून माझ्या नाकासमोर धरला. मागे लिहिलंय, प्लॅस्टिकवर वापरू नये. स्वस्तातलं प्लॅस्टिक त्याने आतून खाल्लं जातं म्हणे. वरून चकाकतं.

म्हणजे प्लॅस्टिक निर्दोष. दोष स्प्रेचा. डेल्बर्टला हे लक्षातच आलं नाही की तो स्वतःच्या तोंडाने हरला. मी हसलो तेव्हा तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता.

त्याच खोक्यातली, न पुसलेली घेऊन चाचणी नव्याने सुरू.

दुपार.
नाताळच्या आधी सोल्वेगची सहाही त्याच स्प्रेने पुसली होती. भेट चकाकावी म्हणून.

तिला सांगायला हवं. असल्या गोष्टी फोनवर नकोत. बुधवारी, समोरासमोर.

१७ फेब्रुवारी, बुधवार.
हिमवादळ. सूप रद्द. निसर्गापुढे इलाज नाही.

मी वैतागलेला बघून मार्लिस म्हणाली, एवढंच काही बोलायचं असेल तर फोन चालू आहे. मी म्हटलं, वादळात लाइन अडवून ठेवू नये. कोणाला गरज पडली तर?

२१ फेब्रुवारी, रविवार.
न पुसलेलं मॅगझिन टाकलं. पास. पुन्हा टाकलं. पास. डेल्बर्टला बोलावलं, त्याच्यादेखत टाकलं. पास. तो म्हणाला, वाईट नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

मग विचारलं त्याने, पोरीची कशाने पुसली होतीस?

मी म्हटलं, बोलणार आहे तिच्याशी. तो म्हणाला, तिला काही नाही, ती माझीच— आणि थांबला. टोपी घातली. दारात उभा राहून नेहमीसारखा बराच वेळ हवेबद्दल बोलला आणि गेला. काय म्हणायचं होतं कळलं नाही. हरलेला माणूस काहीतरी पुटपुटतोच.

२४ फेब्रुवारी, बुधवार.
सूप. सोल्वेगची ड्यूटी होती, आली नाही. मी तयारी करून गेलो होतो. वाक्यं जुळवली होती.

सोबोत्का येऊन शेजारी बसला. त्याच्याकडची दोन तरी सांगून बदलता आली असती. पण स्वतःच्या मुलीआधी परक्याला सांगणं बरं दिसत नाही. तिचा मान तिला. शिवाय त्याने ते तिथल्या तिथे मोठ्याने सगळ्यांना सांगितलं असतं.

तो आईबद्दल बोलत होता. ती खसखशीच्या गोड रोट्या करते, ईस्टरला पाठवणार आहे, मलाही देणार आहे. मी माझी वडी त्याला देऊ केली. लगेच घेतली.

पुढच्या बुधवारी नक्की.

२७ फेब्रुवारी, शनिवार.
डेल्बर्ट सकाळी आला. कॉफी नको म्हणाला. तीनदा विचारलं, तीनदा नको.

काल संध्याकाळी उत्तरेकडच्या एका शेतावर माणूस दारू पिऊन घराच्या खिडकीतून बाहेर गोळ्या झाडत होता. आत बायको. सोबोत्का सगळ्यांच्या आधी पोचला. गाडीत राइफल वेगळी आणि मॅगझिन वेगळं ठेवतात. उतरताना मॅगझिन हातातून निसटलं, गाडीच्या पायरीवर आपटून बर्फावर पडलं. ओठ गेले. गोळ्या बर्फात. त्याने पट्ट्यातलं दुसरं काढलं. त्याचा ओठ आधीच तडकलेला होता. तो खाली वाकून हाताने गोळ्या गोळा करत होता. तेव्हा खिडकीतून गोळी लागली.

मी पहिल्यांदा विचारलं, सोल्वेग? ती नंतर पोचली. ती ठीक आहे. तो माणूसही तिनेच पकडला. सोबोत्का जागीच गेला.

नोंद: जाड हातमोजे घातले की पकड राहत नाही. याचा विचार कोणत्याच चाचणीत होत नाही. शिवाय पायरीवर आपटून मग बर्फ, म्हणजे दोन आघात. माझ्या पद्धतीशी तुलना होऊ शकत नाही.

मार्लिसने जेवण केलं होतं. जेवलो नाही. साखर नको वाटली.

२८ फेब्रुवारी, रविवार.
चर्चला गेलो नाही. सोल्वेग गॅरेजमध्ये आली. गणवेशात. तिने कॉफीचा डबा उचलला आणि बाकावर उपडा केला. डेल्बर्टनेच सांगितलं असणार.

तिने विचारलं, "कधीपासून?"

मी चाचणीचे टप्पे समजावून सांगू लागलो. फरशी, फ्रीझर, स्प्रे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सहाच्या सहा त्याला दिली होती, बाबा. नाताळ झाल्याझाल्या. मी मामाची वापरते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी म्हटलं, मीही त्याच कारणाने बोललो नव्हतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तुकडे एकेक करून परत डब्यात भरले आणि झाकण घट्ट लावलं. लहानपणापासून व्यवस्थित आहे.

आमच्यात निरोप घ्यायला अर्धा तास लागतो. आधी खुर्चीतून, मग दारात, मग गाडीच्या खिडकीशी. ती सरळ गेली. दार उघडंच राहिलं. मी बऱ्याच वेळाने लावलं.

५ मार्च, शनिवार.
सोबोत्कासाठी प्रार्थना चर्चमध्ये, नंतर तळघरात जेवण. हॅम घातलेले पाव. इतर काउंट्यांचे डेप्युटीही आले होते. सगळे हळू बोलत होते.

सोबोत्काची आई एकटीच गाडी चालवत नेब्रास्काहून आली. लहानखुरी बाई. खसखशीच्या रोट्यांचे डबे घेऊन आली होती आणि स्वतः सगळ्यांना वाटत होती. मोठ्याने बोलते, मुलासारखीच. सगळे तिला एकदा नाही म्हणत होते. ती दुसऱ्यांदा विचारत नव्हती, पुढे जात होती. त्यामुळे रोट्या बऱ्याच उरल्या.

माझ्यापुढे आली. कोणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. डबा खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"तुम्हीच ना ते? एमेट फोनवर सांगायचा. म्हणायचा, आई, इथे सगळे छान हसतात, पण स्वतःहून काही दिलं ते त्या म्हाताऱ्यांनीच. वर स्वतः तपासून दिलं."

सोल्वेग किटली घेऊन तिच्या मागे उभी होती. डेल्बर्ट त्याच्या ताटाकडे बघत होता. मार्लिसने माझ्या बाहीला हात लावला आणि काढून घेतला.  बाई माझ्याकडे बघत थांबली होती.

मी म्हटलं, "त्यात काय."

मग एक रोटी घेतली. पहिल्यांदा विचारल्यावरच.

कॉफी पातळ होती. साखर घातली.