पस्तीस की पंच्याऐंशी

८ नोव्हेंबर
सीताबर्डीच्या दुकानातून कॅमेऱ्याच्या दोन लेन्स, पस्तीस आणि पंच्याऐंशी मिलिमीटरच्या, वापरून बघायला आणल्या. दुकानदार जुन्या ओळखीचा. "आठवडाभर ठेवा ताई, मग एक परत करा." पस्तीसची सगळी खोली बघते. पंच्याऐंशीची एकाच चेहऱ्याकडे बघते, मागचं सगळं विरघळून जातं. घ्यायची एकच.
आजवर तलाव, पाखरं, झाडं. माणसाचं काम पहिल्यांदाच, आणि तेही बाबांनी सांगितलेलं. काल जेवताना, सहज मीठ मागावं तसं: "माहा भिंतीवरचा फोटो तूच काढ वं. हार घालाचा."
सुहासचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, काहीतरीच काय बाबा.
"काहीतरी काहून? तुह्या मायचं काय झालं, पाह्य ना."
आई गेली तेव्हा घाईत कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून घेतलं. फोटोत तिच्या खांद्यावर एक हात आहे. कुणाचा, ते कळलेलं नाही.

१० नोव्हेंबर
सकाळी फुटाळा तलावावर. पाणी आणि आकाश यांच्यात रेघच नव्हती. पंच्याऐंशीतून पलीकडच्या काठावरचा एक माणूस बघत राहिले. पाठमोरा, शाल घेतलेला. धुक्यात तो थोडा थोडा पुसट होत गेला आणि मी बटण दाबायला विसरले.
ही लेन्स मला आवडते ती चेहऱ्यासाठी, की दुरून बघता येतं म्हणून?

१२ नोव्हेंबर
घरात चांगला उजेड शोधत फिरले. उत्तरेच्या खिडकीतून दहाच्या सुमारास येतो तो. दुधासारखा, सावली अगदी हलकी. पडतो कुठे, तर समोरच्या दक्षिणेच्या भिंतीवर. आईच्या फोटोशेजारी.
बाबा कोट घालून, खुर्ची ओढून नेमके तिथेच बसले. मी ओरडलेच, "तिथं नका बसू!"
"काहून? उजेड त इथंच हाय म्हणत होती ना?"
"हो, पण ती भिंत..."
"मंग? शेवटी इथंच याचं हाय. जागा पाहून घेतो."
सुहास स्वयंपाकघरातून म्हणाला, "बाबा, रिझर्व्हेशन कन्फर्म आहे का?"
"वेटिंग हाय जावईबापू, वेटिंग!" दोघंही खो खो हसले. मला हसू आलं नाही. की आलं होतं आणि मी दाबलं?
फोटो काढला नाही. उजेड सरला म्हणून सांगितलं. सरला नव्हता.

१४ नोव्हेंबर
काढले.
पंच्याऐंशीसाठी मागे सरकत सरकत माझी पाठ ओट्याला टेकली. तिथून बाबा फार शांत दिसले. डोळे ओले असल्यासारखे, मागे नुसता फिका निळा रंग. आई त्या निळ्यात कुठेतरी.
पस्तीससाठी त्यांच्या गुडघ्यापर्यंत जावं लागलं. त्यांच्या अंगाचा चंदनसाबणाचा वास. चौकटीत भिंतीवर पडलेला खिडकीचा उजेड, आई, कोटाचं चुकीचं लावलेलं बटण. "येवढी जवळ काय येतं वं," म्हणून ते लाजले. तेवढ्यात मी काढला.

१५ नोव्हेंबर
दोन्ही फोटो त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवले. बराच वेळ बघितले, चष्मा पुसून पुन्हा बघितले.
पंच्याऐंशीचा: "वा! हा गेलेला माणूस दिसून राहिला. भारदस्त. हाच लाव."
पस्तीसचा: "अन् हा त आत्ता चहा मांगंन."
दुपारभर त्या दोन वाक्यांत फिरते आहे. त्यांना हवा तो फोटो झाला आहे, त्यासाठी लेन्स घ्यायची गरजच नाही. म्हणजे आता प्रश्न माझा. उद्यापासून रोज मला काय बघायचं आहे?

१६ नोव्हेंबर
दुकानातून फोन. कोणती ठेवताय? उद्या सांगते म्हटलं. उद्या तरी सांगेन का, माहीत नाही.
ऊन गच्चीभर पसरलंय. बाबा संत्रं सोलत बसलेत, मी शेजारी, दोन्ही लेन्स मांडीवर. त्यांनी एक फोड माझ्या हातात ठेवली.
"झालं नाही का अजून तुहं?"
"नाही."
"मंग राहू दे. घाई कोनाले हाय? मी आहो ना."