दस्त्यांनी भरलेली जीप

लोहारा, सोमवार

तीर्थस्वरूप गुरुसिद्धप्पा मामांना भाचा शिवानंदचे शरणु शरणार्थी.

मामींचा गुडघा कसा आहे? तुम्ही साखर तपासायला सोलापूरला जाणार होता, ते झालं का, की गोड खाऊ देत नाही म्हणून डॉक्टरच बदलला? आई ठीक आहे. अप्पा तर फारच मजेत आहेत, कारण त्यांना अजून काही माहीत नाही. (फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून कागद घेतला.)

मी घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अप्पा गावभर तेवढंच सांगतात. काय काम करतो असं कुणी विचारलं, तर "कंपनीचं" म्हणतात आणि विषय बदलतात. खरं सांगायचं तर मलाही त्यापुढं फारसं सांगता येत नाही. तर या नोकरीला मी एक जोडधंदा जोडला. शहाणी माणसं म्हैस घेतात, मी अ‍ॅप काढलं. आपल्याकडं जागा धरायला खिडकीतून रुमाल, दस्ती टाकतात ना, तीच दस्ती लोकांनी घरबसल्या मोबाईलवरून उमरग्याच्या जीपमध्ये टाकावी, म्हणजे उन्हात ताटकळायला नको, अशी कल्पना. नावही 'दस्ती'च ठेवलं.

पहिल्याच दिवशी जीप घटकेत भरली. म्हणजे मोबाईलवर भरली. प्रत्यक्षात आत एक म्हातारबुवा आणि त्यांचं पेंडीचं पोतं. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे तुम्हीआम्ही जन्मापासून जाणतो. पण भरली म्हणजे आता आपली जागा कुठं जात नाही, मग घाई कशाला, असा विचार एकजात सगळ्यांनी केला. कुणी जेवायला बसलं, कुणी अंघोळीला गेलं. (आपल्या इरम्मा आत्यांनी तर दोन दस्त्या टाकल्या, एक स्वतःला आणि एक पिशवीला, आणि मग जायचंच रद्द केलं.) जीपवाला अमरनाथ तडक आमच्या घरी आला. मी नेमका कंपनीच्या मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू. तो माझ्या खांद्यामागं उभा राहून म्हणाला, "शिवादादा, दस्त्या लई झाल्या, मानसं कुठं हायती?" पुण्यापासून बंगळूरपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. आमच्या वरिष्ठ अर्पिता मॅडमना वाटलं, घरात कुणीतरी कपड्याचा व्यापार करतं. मी वाटू दिलं.

मग मी दस्तीला दहा रुपये लावले. आलात तर भाड्यात वळते, नाही आलात तर गेले. मामा, दहा रुपयांत काय ताकद आहे! लोक जीपच्याही आधी येऊन उभे राहू लागले. नळदुर्गचे जीपवाले आले, तुळजापूरचे आले, भरल्या फेरीमागं मला कमिशन देऊ लागले, आणि होता होता नफा पगाराच्या शेजारी येऊन बसला. मग मॅडमना खरं कळलं. त्या रागावल्या नाहीत. कंपनीचा नियम वाचून दाखवला, महिनाअखेर दोन्हींतलं एक ठेवा म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता हळूच विचारलं, यात खरंच सुटतात का हो पैसे?

तेव्हापासून मी विचारात आहे. कंपनीत मी केलेलं काम कुणाच्या उपयोगी पडतं, ते मला आजवर कळलेलं नाही. इथं एक जीप वेळेवर सुटली तर उमरग्याला दवाखान्यात निघालेला माणूस मला रस्त्यात थांबवून सांगतो. पण उद्या एस.टी.नं चार गाड्या वाढवल्या, की माझी दस्ती कोण टाकणार? पगाराचं तसं नाही. अप्पांनी माझ्या शिक्षणासाठी ओढ्याकाठचं रान विकलं ते या पगारासाठी. म्हणून दस्ती बंद करायची आणि मुकाट्यानं नोकरी करायची, असं मी ठरवलं आहे. तुमचा आशीर्वाद असावा.

आपला,
शिवानंद

ता. क. : शेवटचं ठरवणं खरं नाही. ते लिहून पाहिलं, कसं वाटतं म्हणून. बरं वाटलं नाही. राजीनामा मी शुक्रवारीच देऊन बसलोय. तेव्हा मामा, तुम्ही या आणि अप्पांना सांगा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. माझी तर त्यांच्यासमोर जीभच उचलत नाही.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अप्पा आले. कुणाला लिहितोस म्हणाले, आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलली. मग म्हणाले, "शिवा, तुजी कंपनी मला कदी दिसली न्हाय. जीप दिसती." आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

म्हणजे त्यांना समजवायचं कारण उरलं नाही. तरी तुम्ही या. इतके दिवस मला वाटत होतं, मी अप्पांना भितो. आता त्यांची हरकत नाही आणि भीती होती तेवढीच आहे. ती माझीच निघाली. दोन दिवस माझ्याजवळ बसायला या.